ख्रेन्निकोव ऐकायचा की नाही? सोव्हिएत काळातल्या पदाधिकारी संगीतकारांबद्दल

तुमचा प्रश्न मला असा कळला: तुमचा एक छोटा श्रवणगट आहे, पुढच्या बैठकीत सोव्हिएत काळातलं संगीत ऐकायचं ठरलंय, लिस्टमध्ये तिखोन ख्रेन्निकोवचं, म्हणजे सोव्हिएत संगीतकारांच्या सरकारमान्य संघटनेच्या, कंपोझर्स युनियनच्या प्रमुखाचं नाव दिसल्यावर एकांनी हरकत घेतली की हा स्टालिनचा माणूस, ह्याने शोस्टाकोविचला छळलं, ह्याला कशाला ऐकायचं. त्यावर दुसऱ्यांनी सुनावलं की अहो शोस्टाकोविचसुद्धा कंपोझर्स युनियनचा सेक्रेटरी होता, पार्टी मेंबरही होता, मग त्यालाही काढा. आणि वाद जुंपला.

दोघांचीही माहिती बरोबर आहे, म्हणून तर वाद मिटत नाहीये. मी पुण्यात पियानो शिकवते, मैफिलींच्या प्रोग्रॅम नोट्स लिहिते, रशियन रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले त्यामुळे मूळ कागद थोडेफार वाचता येतात, आणि ह्या मंडळींबद्दल नोट लिहायची वेळ आली की 'हा चांगला की वाईट' ह्या प्रश्नापासून मी कधीच सुरुवात करत नाही, कारण त्याने कुठेच पोचता येत नाही. मी आधी बघते की त्या खुर्चीच्या हातात नेमकं काय होतं आणि काय नव्हतं. मग त्या माणसाने कुठल्या साली काय केलं. हे दोन वेगळे केले की बरंचसं सुटतं. सगळं सुटत नाही, ते शेवटी सांगते.

आधी खुर्ची. 1932 साली सत्ताधारी कम्युनिस्ट पार्टीने एक ठराव करून लेखक-कलावंतांच्या तोपर्यंतच्या वेगवेगळ्या संघटना बरखास्त केल्या आणि प्रत्येक कलेची एकच युनियन असेल असं ठरवलं. संगीतकारांची देशपातळीवरची समिती मात्र जरा उशिरा, 1939 च्या सुमारास नीट उभी राहिली, अध्यक्ष ग्लिएर आणि त्याच्या हाताखाली कामाचा माणूस म्हणून आराम खाचातुरियन, हो तोच, सेबर डान्सवाला. त्याच सुमाराला मुझफोंड नावाचा निधी सुरू झाला आणि माझ्या मते सगळी गोम ह्या निधीत आहे. उचल हवी, मुझफोंड. स्वरलिपीच्या नकला करून हव्यात, मुझफोंड. आजारपण, सुट्टी, काम करायला शांत जागा, सगळं तिथूनच. फ्लॅटसाठी शिफारस युनियनची. नवीन काम आधी युनियनमध्ये सहकाऱ्यांसमोर वाजवून दाखवायचं, तिथे बरं मत पडलं तर सरकारी खातं ते विकत घेणार, छापणार, ऑर्केस्ट्राकडे जाणार. परदेशी जायचं असेल तर पुन्हा इथलंच शिफारसपत्र.

उदाहरण देते. युद्ध चालू असताना 1943 मध्ये मॉस्कोपासून दूर इवानोवोजवळ संगीतकारांसाठी एक विश्रामगृह उघडलं. बाहेर रेशनचे हाल आणि इथे जेवण, ऊब, पियानो. शोस्टाकोविचला बसायला जी खोली मिळाली ती आधी कोंबड्यांची होती म्हणे, आणि तिथे बसून त्या उन्हाळ्यात त्याने आठवी सिम्फनी लिहिली. पुढच्या वर्षी प्रोकोफिएवने पाचवी सिम्फनी तिथेच लिहिली. म्हणजे सरकारने पोसलं आणि त्यातून विसाव्या शतकातल्या दोन मोठ्या सिम्फनी आल्या हे खरंच आहे, त्यात चेष्टेचं काही नाही. पण पाच वर्षांनी हीच आठवी सिम्फनी बंदीच्या यादीत गेली. पोसणारा हात आणि दाबणारा हात एकाच अंगाचे होते, त्यामुळे त्या संस्थेत पद घेणारा प्रत्येकजण दोन्हीत असणारच होता.

आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं समजा. पाणी त्याच्या मालकीचं नसतं, पाणीकपात तो ठरवत नाही, पण व्हॉल्व्हची किल्ली त्याच्याकडे असते, आणि कुठल्या विंगला आधी सोडायचं ह्यात त्याचा हात असतोच.

आता 1948, कारण सगळ्या आरोपांचं मूळ तिथे आहे. जानेवारीत स्टालिन आणि मंडळी मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरमध्ये वानो मुरादेलीचा 'महान मैत्री' हा ऑपेरा बघायला गेली आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही. लगेच झ्दानोवने, म्हणजे कलेवर नजर ठेवणाऱ्या स्टालिनच्या सहकाऱ्याने, संगीतकारांना पार्टीच्या केंद्रीय समितीत बोलावून तीन दिवस बैठक घेतली आणि 10 फेब्रुवारीला ठराव आला. ठराव म्हणायला मुरादेलीच्या ऑपेरावर, पण झोडपले गेले शोस्टाकोविच, प्रोकोफिएव, खाचातुरियन, शेबालिन, पोपोव, म्यास्कोव्स्की. आरोप फॉर्मॅलिझमचा, म्हणजे लोकांना कळत नाही असं, नुसत्या तंत्रात रमलेलं संगीत. ह्याची नेमकी व्याख्या कुणीच केली नाही, आणि वापरणाऱ्यांची सोय त्यातच होती.

ह्यात खाचातुरियनचं नाव आहे हे बघा. तो त्या क्षणापर्यंत युनियनचा पदाधिकारी होता, आणि ज्या तिसऱ्या सिम्फनीवरून त्याला धरलं ती त्याने 1947 मध्ये क्रांतीच्या 30 व्या वाढदिवसासाठी लिहिली होती, ऑर्गन आणि वर पंधरा जादा ट्रम्पेट घालून! ह्याहून सरकारी कौतुकाचं काय लिहिणार माणूस. तरी पद गेलं. निधी चालवणाऱ्या अतोव्म्यानलाही काढलं, कारण संगीताच्या वादाच्या आत उचल कुणाला किती दिली, बडे लोकच सगळं खातात, ही धुसफूसही होती. हा भाग लोक विसरतात. त्या बैठकांमध्ये आपल्या मोठ्या सहकाऱ्यांवर तुटून पडलेले सगळेच काही भीतीने बोलत नव्हते. काहींना मनापासून आनंद झाला होता, वर्षानुवर्षं ह्याच पाचसहा जणांची कामं वाजत होती, आता आपला नंबर लागेल.

ह्या ठिकाणी ख्रेन्निकोव येतो. येलेत्स गावचा, 1913 चा जन्म, पियानो नॉयहाउसकडे, कंपोझिशन शेबालिनकडे. विशीत लिहिलेला पहिला पियानो कन्सर्टो स्वतः वाजवला, पहिली सिम्फनी इतकी गाजली की स्तोकोव्स्की ह्या नामांकित कंडक्टरने अमेरिकेत केली. 1939 च्या 'वादळात' ह्या ऑपेरात त्याने लेनिनला रंगमंचावर आणला. चाल बांधायची उपजत देणगी होती, सिनेमातली त्याची गाणी लोक अजून गुणगुणतात. 1948 मध्ये वरून नेमणूक झाली आणि एप्रिलमध्ये युनियनच्या पहिल्या काँग्रेसमध्ये (म्हणजे अधिवेशनात) हा 34 वर्षांचा गृहस्थ जनरल सेक्रेटरी म्हणून उभा राहिला आणि त्याने ते कुप्रसिद्ध भाषण केलं, ज्यात देशातल्या सगळ्या मोठ्या नावांवर आणि बाहेरच्या स्त्राविन्स्की वगैरेंवर आसूड ओढला. फॉर्मॅलिस्ट ठरलेल्यांमध्ये त्याचा स्वतःचा गुरू शेबालिन होता. शेबालिनचं मॉस्को कॉन्झर्वेटरीचं संचालकपद त्याच वर्षी गेलं.

पुढे म्हातारपणी मुलाखतींत ख्रेन्निकोव सांगायचा की भाषण लिहून हातात दिलं होतं, मी नुसतं वाचलं, नाही म्हणालो असतो तर काय झालं असतं तुम्हाला ठाऊक आहे. मला हे निम्मं पटतं. 1937 च्या धरपकडीत त्याच्या भावांनाही अटक झाली होती, त्यामुळे नाही म्हणण्याची किंमत त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. आणि 1948 ची बंदी घातली ती सरकारी खात्याने, उठवली ती मार्च 1949 मध्ये खुद्द स्टालिनच्या सहीने, कारण शोस्टाकोविचला न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेला पाठवायचं होतं आणि ज्याचं संगीत घरी बंद आहे असा प्रतिनिधी बाहेर पाठवणं बरं दिसत नव्हतं. म्हणजे बघा, एवढी मोठी गोष्ट झाली आणि मोडली, दोन्ही सेक्रेटरीच्या डोक्यावरून. म्हणून 'ख्रेन्निकोवने शोस्टाकोविचवर बंदी घातली' असं कुणी लिहिलं तर मी ते वाक्य खोडते.

पण दुसरं निम्मं पटत नाही, कारण स्टालिन 1953 मध्ये गेला आणि ख्रेन्निकोव त्या खुर्चीत 1991 पर्यंत होता. त्रेचाळीस वर्षं. 1958 मध्ये पार्टीनेच त्या ठरावातली संगीतकारांवरची टीका अन्यायाची होती असं जाहीर केलं. 1962 मध्ये, ज्या स्त्राविन्स्कीला शिव्या घातल्या त्यालाच ऐंशीव्या वर्षी मॉस्को-लेनिनग्राडला बोलावून आणण्यात हाच पुढे, निमंत्रण द्यायला आदल्या वर्षी स्वतः लॉस एंजेलिसला गेला होता! वारा बघून शीड फिरवण्यात पटाईत माणूस. तरी नोव्हेंबर 1979 मध्ये सहाव्या काँग्रेसमध्ये त्याने पुन्हा नावं घेऊन सात जणांना झोडपलं, देनिसोव, गुबायदुलिना, सुस्लिन, आर्त्योमोव, स्मिर्नोव, फिर्सोवा, क्नाइफेल. गुन्हा काय, तर ह्यांची कामं कोलोनच्या आणि इतर परदेशी महोत्सवांत वाजली. ह्यावेळी मानेवर सुरी कुणाची होती? माझ्या दृष्टीने त्याच्याविरुद्धची खरी केस 1948 ची नाहीच, 1979 ची आहे.

तो आणखी एक सांगायचा, माझ्या काळात एकही संगीतकार तुरुंगात सडला नाही, लेखकांच्या युनियनकडे बघा आणि आमच्याकडे बघा. तुलना म्हणून ह्यात तथ्य आहे, लेखकांचे खरोखर फार भयंकर हाल झाले. ज्यू सहकाऱ्यांना सांभाळल्याचंही तो सांगे, त्याची बायको क्लारा ज्यू होती. पण वेप्रिकला 1950 मध्ये उचललं आणि तो 1954 मध्ये सुटला, वाइनबर्गला फेब्रुवारी 1953 मध्ये, म्हणजे दावा जसाच्या तसा टिकत नाही. आणि मुख्य म्हणजे संगीतकाराला संपवायला तुरुंग लागत नाही. सिम्फनी लिहिली आणि ती कुणी वाजवलीच नाही की झालं. श्निटकेची पहिली सिम्फनी 1974 मध्ये मॉस्कोत होऊ शकली नाही, कंडक्टर रोझ्देस्त्वेन्स्कीने ती गोर्की ह्या शहरात केली, जिथे परदेशी माणसाला पाऊल टाकता येत नव्हतं. गुबायदुलिनाच्या 'ऑफर्टोरियम'चा पहिला प्रयोग 1981 मध्ये व्हिएन्नाला झाला, क्रेमरच्या व्हायोलिनवर, तिच्या स्वतःच्या शहरात नाही.

आता शोस्टाकोविच, तुमच्या दुसऱ्या सदस्याचा मुद्दा. 1960 मध्ये तो रशियन प्रजासत्ताकाच्या कंपोझर्स युनियनचा पहिला सेक्रेटरी झाला (ही वेगळी युनियन, देशाच्या युनियनवर ख्रेन्निकोवच), 1968 पर्यंत होता, त्याच काळात पार्टीत गेला. त्याचा मित्र ग्लिकमन लिहितो की पार्टीत जायचा दबाव आला तेव्हा तो अक्षरशः रडत होता. जुलैमध्ये ड्रेस्डेनजवळ गोरिशला त्याने आठवी क्वार्टेट लिहिली, वर अर्पण फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना, पण आतून पाचही भागांत त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचे चार स्वर, आणि ग्लिकमनला पत्रात लिहिलं की मी मेल्यावर माझ्यासाठी कुणी काही लिहील असं वाटत नाही म्हणून स्वतःच लिहून टाकलं. ऐकताना हे माहीत असलेलं बरं.

मग त्याने खुर्चीवरून काय केलं? भाषणं वाचली, दुसऱ्यांनी लिहिलेली, भराभर आणि एकसुरी, ऐकणाऱ्याला कळावं की हे माझं नाही. त्याच्या सहीने छापलेले लेख वाचवत नाहीत. पण लोकप्रतिनिधी म्हणून आलेल्या सामान्य माणसांच्या फ्लॅटसाठी, औषधांसाठी, छावणीतून सुटलेल्यांचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून त्याने ढिगाने पत्रं लिहिली. आणि वाइनबर्गला पकडलं तेव्हा, युनियनची ही खुर्ची हातात नसताना, त्याने बेरियाला, म्हणजे स्टालिनच्या सर्वात धाक असलेल्या माणसांपैकी एकाला, पत्र लिहिलं, स्टालिन जिवंत असताना. हे धैर्य मी ख्रेन्निकोवच्या सगळ्या सावधपणापेक्षा वर ठेवते. पण 1973 मध्ये राजवटीवर उघड टीका करणारा शास्त्रज्ञ सखारोव ह्याच्याविरुद्ध प्रावदा ह्या पार्टीच्या वर्तमानपत्रात जे पत्र आलं त्यावर ख्रेन्निकोव, खाचातुरियन, काबालेव्स्की, श्चेद्रिन ह्यांच्या शेजारी शोस्टाकोविचचंही नाव आहे. बायको नंतर म्हणाली की त्याने सही केलीच नव्हती. असेलही, तरी नाव छापलं गेलं आणि त्याने जाहीरपणे नाकारलं नाही. प्रोग्रॅम नोटमध्ये मी हे लिहिते आणि श्रोते रागावतात, रागावू देत.

मला ह्या सगळ्यांत सर्वात अवघड वाटतो तो संगीतकार काबालेव्स्की, आणि तो तुमच्याही घरात येऊन गेलेला असणार. आपल्याकडे पुण्या-मुंबईला, गोव्यात जी मुलं ट्रिनिटीच्या किंवा असोसिएटेड बोर्डाच्या पियानो परीक्षा देतात त्यांनी त्याचे 'विदूषक' नाहीतर ए मायनर सोनाटिना घासलेले असतात. मुलाच्या हाताला काय झेपतं आणि कशाने मजा येते हे त्याच्याइतकं फार कमी लोकांना कळलं. सत्तरच्या दशकात त्याने सोव्हिएत शाळांसाठी संगीताचा अभ्यासक्रम केला, गाणं, नाच आणि मार्च ह्या तीन खांबांवर उभा केलेला, आणि शिक्षक म्हणून मी त्याच्याकडून अजून उचलते. हाच माणूस 1951 मध्ये काय करत होता बघा. त्या वसंतात शोस्टाकोविचने युनियनच्या छोट्या हॉलमध्ये दोन संध्याकाळी स्वतः बसून 24 प्रेल्यूड आणि फ्यूग वाजवून दाखवले, मंजुरीसाठी. तोपर्यंत कॉन्झर्वेटरीची नोकरी गेलेली, सिनेमाच्या संगीतावर घर चाललेलं. मे महिन्यात चर्चा झाली आणि एकेकाने उठून हे उदास आहे, हे आजच्या जीवनाशी जोडलेलं नाही, असं सुनावलं, टीका करणाऱ्यांत काबालेव्स्कीही होता. बाजूने उभी राहिली पियानिस्ट मारिया युदिना, तिला कुणाचीच भीती नव्हती. शेवटी डिसेंबर 1952 मध्ये तात्याना निकोलायेवाने लेनिनग्राडला तो सगळा संच वाजवला. आणि 1958-59 मध्ये काबालेव्स्कीने स्वतः सहा प्रेल्यूड आणि फ्यूग लिहिले, मुलांसाठी! मी ते शिकवते, छान आहेत, आणि शिकवताना प्रत्येक वेळी हे आठवतं.

बाकीचे पटकन सांगते. क्रांतीनंतर लगेच शिक्षण-संस्कृती खातं सांभाळणाऱ्या लुनाचार्स्कीने लुरिए ह्या अगदी आधुनिक संगीतकाराला संगीत विभागाचा प्रमुख केलं होतं, तो 1922 मध्ये बर्लिनला गेला तो परतलाच नाही. जॉर्जियात ताक्ताकिश्विली तर 1965 ते 1983 चक्क सांस्कृतिक मंत्री होता. श्चेद्रिन 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाच्या समर्थनाच्या पत्रावर सही करायला नाही म्हणाला, तरी 1973 मध्ये रशियन युनियनचा प्रमुख झाला, म्हणजे 'नाही म्हटलं की संपलं' हे 1948 मध्ये खरं असेल, वीस वर्षांनी तेवढं खरं राहिलं नव्हतं.

म्हणूनच मी कुठलाही कागद वाचताना आधी साल बघते. 1937, 1948, 1953 च्या आधीचं आणि नंतरचं, 1968, 1979, एकाच कृतीचं वजन प्रत्येक वेळी बदलतं. मग बघते की सही आहे का भाषण आहे, भाषण असेल तर त्या माणसाला त्यातून फायदा काय झाला. आणि 1991 नंतरच्या आठवणी जरा हात राखून वाचते, मग ती ख्रेन्निकोवची बाजू असो वा त्याच्या शत्रूंची, कारण तोवर प्रत्येकजण पूर्वीपासून मनातून विरोधक होता असं निघायला लागलं होतं. हे करूनसुद्धा काही गोष्टी ज्याच्या त्याच्या पिंडावर अवलंबून राहतात. तुमच्या गटात कुणी अशा राजवटीत दिवस काढलेलं असेल आणि त्यांना ख्रेन्निकोवचं नावही नको असेल तर माझ्या युक्तिवादाने त्यांचं मन वळवायला जाऊ नका.

तसं कुणी नसेल तर माझं सरळ मत, ऐका. ख्रेन्निकोवची पहिली सिम्फनी आधी लावा, 1935 ची, खुर्ची मिळायच्या आधीची, म्हणजे हा माणूस हातात कला नसलेला नुसता बाबू होता हा समज जाईल. त्याच्यानंतर शोस्टाकोविचच्या आठवीतला तिसरा भाग, व्हायोलांची ती न थांबणारी टोकाटा, सहासात मिनिटांचं काम आहे. मग खाचातुरियनची तिसरी, पण ट्रम्पेट सुरू झाले की आवाज कमी करा, शेजारी तक्रार करतील. आठवी क्वार्टेट पूर्ण. आणि 'ऑफर्टोरियम' शेवटी ठेवा, साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात, तर चहा त्याच्या आधी उरका. वेळ कमी पडला तर खाचातुरियन गाळा, क्रेमरचं रेकॉर्डिंग गाळू नका.